जुनं घर, दोन मांजरं आणि उलट्या क्रमानं केलेली कामं

गेल्या आठवड्यात महापालिकेचं घरफाळ्याचं बिल आलं आणि त्यावर पहिल्यांदाच माझं नाव छापलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं, मग नवऱ्याला वाचून दाखवलं. खरेदीला सव्वा वर्ष झालं, पण कागदोपत्री घर पूर्ण आपलं व्हायला एवढा वेळ गेला. मधल्या काळात बरंच चुकलं, काही कामांचे पैसे दोनदा गेले, एक मांजर तीन रात्री सापडत नव्हतं. मांजरांसकट जुन्या घरात राहायला गेलेल्या कुणीतरी सगळं सविस्तर लिहिलेलं तेव्हा हाताला लागायला हवं होतं असं सारखं वाटायचं, म्हणून आता बसून लिहितेय.

आधी थोडं मागचं. आम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कच्या खालच्या बाजूला भाड्यानं राहायचो. जुलै २०२१ च्या पुरात पार्किंग बुडालं आणि पाणी जिन्याच्या पायऱ्या चढायला लागलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ ती ५६ फुटांच्या वर गेली होती. लाइट नाही, प्यायला पाणी नाही, आणि जिन्याच्या कठड्यावर एक गुळाच्या रंगाचं पिल्लू ओरडत बसलेलं. तीच आमची ढेप. पाय पोटाखाली घेऊन बसली की हुबेहूब गुळाची ढेप दिसते म्हणून हे नाव. भडंग वर्षभरानं आला, पिवळा पट्ट्यापट्ट्यांचा बोका, एका जागी दोन मिनिटं थांबत नाही. पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढताना ठरवलेलं, स्वतःचं घर घ्यायचं तर चढावरच.

पैसे जमायला अडीच वर्षं गेली. जानेवारी २०२४ मध्ये साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला एक रो हाऊस बघितलं, १९९८ चं बांधकाम, खाली दोन खोल्या, वर दोन, वर टेरेस आणि मागं छोटी मोकळी जागा. किंमत ४६ लाखांवर ठरली. मला मागची जागा आवडली, नवऱ्याला टेरेस आवडलं, आणि आम्ही दोघांनीही स्लॅबकडं मान वर करून बघितलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

वकिलांनी ३० वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्या, फी सहा हजार. त्यात निघालं की प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर, विकणाऱ्या काकांच्या जोडीला त्यांच्या बहिणीचंही नाव आहे. बहीण इचलकरंजीला, भांडण वगैरे काही नाही, पण हक्कसोडपत्र कधी केलेलंच नव्हतं. काका म्हणाले, "अहो ती सही करायला येतीय की." वकील म्हणाले सहीवर भागणार नाही, आधी हक्कसोड रजिस्टर होऊ दे, मगच आपण पैसे द्यायचे. त्यात सोळा दिवस गेले. तेव्हा मला वकिलांचा राग आला होता, पण बँकेनंही नेमका तोच कागद पहिला मागितला. घर वारशानं आलेलं असेल तर कार्डावर किती नावं आहेत ते टोकन द्यायच्या आधी बघा.

खरेदीपत्र फक्त माझ्या नावावर केलं. बाईच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, आम्हाला सहाच्या जागी पाच टक्के म्हणजे २ लाख ३० हजार पडले, ४६ हजार वाचले. नोंदणी फी ३० हजार. कर्जात नवरा सहअर्जदार आहे, पण खरेदीपत्रात त्याचं नाव नाही, आणि आमच्या बँकेला ते चाललं. हे बँकेला आधी विचारून घ्या. कारण दोघांचं नाव लावलं की सवलत जाते.

२२ मार्च, शुक्रवार, खरेदीपत्राच्या नोंदणीचा दिवस. एक एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारनं ठरवलेले जागेचे दर बदलू शकतात म्हणून मार्चच्या शेवटी सगळे नोंदणी कार्यालयात एकदमच येतात, बसायला जागा नव्हती. आमच्या वकिलांनी डेटा एंट्री दोन दिवस आधीच करून ठेवलेली, चलनही ऑनलाइन भरलेलं, तरी साडेदहाला गेलो ते नंबर लागायला पावणेचार वाजले. फोटो, अंगठा, सही, आणि दहा मिनिटांत संपलं. बाहेर येऊन आम्ही दोघं आणि विकणारे काका असे तिघंजण उसाचा रस प्यायलो आणि काका एकदम गप्प झाले. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर. मला तोपर्यंत आपला आनंदच दिसत होता, त्यांचं काहीतरी सुटतंय हे तिथं लक्षात आलं. मागचं कढीपत्त्याचं झाड तोडणार नाही असं मी त्यांना न विचारताच सांगून टाकलं.

घाई इथं संपत नाही. बँकेकडं मूळ कागद जमा केले की ३० दिवसांच्या आत कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर तारण ठेवल्याची सरकारी नोंद, भरायची असते, आमची २ एप्रिलला भरली. त्याची फी, शिवाय कर्जाच्या रकमेवर वेगळी स्टॅम्प ड्युटी, हे आम्ही बजेटात धरलंच नव्हतं. वकील, सर्च, बँकेची प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, हे सगळं धरून घराच्या किमतीच्या वर आमचे तीन लाख चाळीस हजार गेले. हातात तेवढे ठेवूनच बोलणी करा.

९ एप्रिलला पाडव्याला चावी मिळाली. रिकाम्या घरात गुढी उभी केली, श्रीखंड डब्यातनं नेलेलं, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून खाल्लं. आणि दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला.

ही आमची सगळ्यात मोठी चूक. भिंती डागाळलेल्या, आत आल्यावर उदास वाटायचं, आणि १० मेला अक्षय्य तृतीया, त्या दिवशी राहायला जायचंच असा सासूबाईंचा आग्रह. हॉलच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग होता. ठेकेदार म्हणाला जुना आहे, पुट्टी मारली की दिसणार पण नाही, आणि खरंच दिसला नाही. ९२ हजार रुपये झाले. घर उजळलं, मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून आले की नुसती त्या भिंती बघत उभी राहायचे.

मांजरांचं मात्र आम्ही नीट ठरवलेलं होतं. दोघांच्या रेबीजच्या आणि तीन रोगांवरच्या लसी एप्रिलमध्येच करून घेतल्या. नव्या घरात आठवडाभर एकाच खोलीत ठेवायचं, त्यांची जुनी गोधडी न धुता तिथंच टाकायची, रेतीचा ट्रे जुनाच ठेवायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं की वास ओळखीचा असला की ती लवकर रुळतात. ढेप पलंगाखाली दोन दिवस बसून राहिली, तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन जेवली. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मदतीला आलेल्या मावशींनी सगळ्या फरशा काळ्या फिनाईलनं पुसल्या आणि संध्याकाळी भडंगच्या तोंडातून लाळ गळायला लागली. फरशीवरून चालायचं आणि मग पाय चाटायचे, त्यातून ते पोटात जातं. त्यातलं फिनॉल मांजरांच्या यकृताला पचत नाही. रात्री साडेनऊला दवाखाना गाठला, सलाईन लावलं, सकाळपर्यंत बरा झाला. तेव्हापासून आमच्या घरात फिनाईल नाही, साबणाचं पाणी आणि मग साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं.

१७ मेला पेंटरचा एक पोरगा राहिलेलं टचअप करायला आला, मागचं दार उघडं राहिलं आणि भडंग गेला. मी ऑफिसात होते. त्या तीन रात्रींबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. नवीन भाग, त्याला रस्ता माहीत नाही, वर मे महिन्यातलं ऊन. पहिल्या दिवशी आम्ही गाडीवरून लांब लांब, पार कळंब्याच्या रस्त्यापर्यंत हाका मारत फिरलो, आणि ते सगळं फुकट गेलं. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "अगं घाबरलेलं मांजर लांब जातंय होय? इथंच कुठंतरी दडून बसलेलं असणार. रात्री सगळं निजलं की हुडक." तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याची गोधडी मागच्या दारात टाकून, मी आणि नवरा बॅटरी घेऊन शेजारची एकेक घरं बघत गेलो. आवाज न करता नुसतं त्याचं नाव हळू घेत. चौथ्या घराच्या मागं शेणींचा ढीग रचलेला, त्याच्या फटीत बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. हाक मारली तर येईना, मी तिथं जमिनीवर बसून राहिले, पंचवीस मिनिटांनी येऊन मांडीवर चढला. मांजर हरवलं तर पहिले चार दिवस घराच्या आजूबाजूच्या दहा घरांतच शोधा, जिने, गाड्यांखाली, माळे, लाकडं, आणि रात्रीच शोधा. हे मी मनापासून सांगतेय.

त्यानंतर जाळ्यांचं काम पहिलं घेतलं. बाजारातली नायलॉनची मच्छरजाळी भडंगनं चार दिवसांत फाडली. मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडं गेलो, त्यांनी खिडक्यांना स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी आणि मागच्या मोकळ्या जागेला अँगलच्या चौकटीत एक इंची वेल्डमेश बसवून दिली, वरूनही बंद. मागच्या दाराला आतून एक जाळीचं दार, म्हणजे एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. ३८ हजार. आता दोघं तिथं कढीपत्त्याखाली दिवसभर असतात. हे राहायला यायच्या आधी झालं असतं तर तीन रात्री वाचल्या असत्या.

कागदांचं याच काळात चालू होतं. प्रॉपर्टी कार्डाच्या फेरफारसाठी अर्ज एप्रिलमध्येच दिला होता, पण लोकसभेचं मतदान आमच्याकडं ७ मेला होतं आणि सगळीकडं कर्मचारी इलेक्शन ड्युटीवर, त्यामुळं काम हललं ते जूनमध्ये. आधी बहिणीच्या हक्कसोडाची नोंद, मग आमची, आणि हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस. ऑगस्टमध्ये कार्डावर नाव आलं. लाइट बिल काकांच्या वडिलांच्या नावानं होतं, महावितरणचा नाव बदलायचा अर्ज ऑनलाइन भरला, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि आधीचं बिल भरल्याची पावती जोडली, ते महिन्याभरात झालं. इंडेक्स टूच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी लागते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. एका रविवारी सकाळी बघते तर ढेप हॉलच्या कपाटावर चढून वरच्या कोपऱ्याकडं टक लावून बसलेली. पाल असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी पण तिथंच. तिसऱ्या दिवशी तिनं भिंतीवर पंजा मारला आणि रंगाचा हाताएवढा पोपडा खाली पडला, आत पुट्टी ओली भगभगीत, बोट आत जात होतं. तोच कोपरा, तोच पिवळा डाग. रंग आतून फुगत होता तो आम्हाला दिसला नव्हता, तिला बहुतेक आतलं टपटप ऐकू येत होतं. ठेकेदाराला फोन केले, सुरुवातीला उचलला, नंतर उचललाच नाही. मी त्या दिवशी रडले. ९२ हजारांतला एकेक रुपया कसा जमवला ते मला माहीत होतं.

शेजारच्या काकूंनीच एक गवंडी मामा पाठवले, साठीच्या पुढचे. ते आत आलेच नाहीत, चपला काढून तडक टेरेसवर गेले. अर्धा तास बोटानं कडा चाचपत फिरले आणि मला वर बोलावलं. "हे बघा ताई, पावसाळी पाइपाचं तोंड वर हाय आन् फरशी खाली. पानी जानार कुठनं? आन् ह्यो कठडा आन् स्लॅबचा सांधा, वाटा सुटलाय समदा. घर आदी वरनं बघायचं, मग आतनं रंगवायचं." वाटा म्हणजे सांध्यावर मारलेला सिमेंटचा गोलसर थर. मी विचारलं आत्ता काही करता येईल का. म्हणाले आत्ता कुणी केमिकल मारतो म्हणाला तरी मारू देऊ नका, ओल्यावर काय धरत नाही, पैसे पाण्यात जातील. ताडपत्री टाका आणि दिवाळीनंतर बोलवा. स्वतःचं काम पुढं ढकलून खरं सांगणारा माणूस भेटला, त्याचं मला आजही मोल वाटतं.

पावसाळा ताडपत्रीखाली काढला. जुलैच्या शेवटी पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली, जुन्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचे फोन यायचे, सामान वर नेलंय म्हणून. आमच्याकडं हॉलमध्ये दोन बादल्या होत्या, पण पायाखालची जमीन कोरडी होती. तिची दोन मुलं चार दिवस आमच्याकडं येऊन राहिली आणि मांजरांबरोबर खेळली.

त्याच दरम्यान भडंगनं टीव्हीमागची वायर कुरतडली. वायरमननं बोर्ड उघडला तर जुन्या वायरिंगला नीट अर्थिंगच नव्हतं. नवीन अर्थिंग, खालच्या मजल्याची वायरिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एकूण ५४ हजार. हा आरसीसीबी म्हणजे कुणाच्या अंगातून करंट जायला लागला की लगेच लाइट तोडतो, घरात मांजर असो की लहान मूल, हे टाळू नका. खाली असणाऱ्या वायरींना पीव्हीसी पट्टी मारून घेतली.

११ नोव्हेंबरला मामा चार माणसं घेऊन आले. जुनं चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) फोडलं, सांधे खरवडून भरले, सगळीकडं वाटा मारला, केमिकलचे दोन हात, त्यावर विटांचे तुकडे घालून कोबा, पाइपाच्या तोंडाकडं दहा फुटाला सव्वा इंच उतार. मग पाइपाचं तोंड बंद करून दोन दिवस टेरेसवर पाणी साठवून ठेवलं आणि आम्ही खाली प्रत्येक छत हात लावून बघितलं. ही पाण्याची टेस्ट झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका, हे मामांनी स्वतःच सांगितलं. एक लाख चार हजार, सतरा दिवस.

या काळात मांजरांसाठी दोन गोष्टी शिकलो. वाळूचा ढीग त्यांना ट्रेच वाटतो, पहिल्याच रात्री दोघांनी मिळून तो खराब केला आणि मामांना वरची वाळू काढून टाकावी लागली, म्हणून रात्री ढिगावर ताडपत्री आणि कडेला विटा. दुसरं, ओलं सिमेंट पंजे भाजतं. ढेप एकदा जिन्यातून वर निसटली आणि ओल्या वाट्यावरून चालत गेली. मामा खालून ओरडले, "ताई, पाय धुवा तिचं, आदी पाय धुवा!" बादलीत चारही पाय बुडवून धुतले, बोटांच्या मधलंसुद्धा. एका पोराला तिला पकडताना ओरखडा बसला, त्याचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतला आणि त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तिची लस झालेली असली तरी. त्याच्या रेबीजच्या पुढच्या डोसांच्या तारखा मी माझ्याच मोबाइलमध्ये लावून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी त्याला फोन केला.

भिंत सुकायला दोन महिने दिले. जानेवारीत दोनच भिंती पुन्हा रंगवल्या, २७ हजार. ते दोन दिवस मांजरं वरच्या खोलीत, खिडकी उघडी, जाळी बंद. घरफाळ्याच्या नाव बदलाचा अर्ज फेब्रुवारीत दिला, खरं तर खरेदी झाल्यावर लगेच द्यायचा असतो, आमच्याकडून सगळ्या गडबडीत राहूनच गेला होता.

यंदा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. पहिल्या रात्री तो कौलावर पडावा तसा वाजत होता आणि मला झोप लागेना. साडेतीनला उठले, बॅटरी घेऊन हॉलमध्ये गेले, कोपऱ्यावर हात ठेवला. कोरडा. कपाटावर ढेप होती, पण तोंड भिंतीकडं नव्हतं, पाय पोटाखाली घेऊन झोपलेली. भडंग मागच्या जाळीच्या दाराशी बसून पावसाकडं बघत होता. मी त्याच्या शेजारी बसले थोडा वेळ, मग आत येऊन नवऱ्याला उठवून सांगितलं, कोरडा आहे म्हणून. तो बरं म्हणाला आणि दोन मिनिटांनी उठून स्वतः हात लावून आला.

वरच्या बाथरूमचा नळ अजून गळतोय, प्लंबर सोमवारी येतो म्हणालाय.